मानधनावरचा पेशा

धुळ्यात मोर्चा कोणाचाही असो, तो बहुधा जिल्हाधिकारी कार्यालयाजवळच्या क्युमाइन क्लबपाशी येऊन बसतो. कपाशीला भाव मागणारे शेतकरी इथेच बसतात, वनहक्काचे दावे घेऊन आलेले आदिवासीही इथेच. आणि सतरंजी अंथरून, पाण्याच्या बाटल्या मध्ये ठेवून बायका बसलेल्या दिसल्या, तर त्या अंगणवाडीच्या असण्याची शक्यता मोठी. जळगावात तेच चित्र जिल्हा परिषदेसमोर. घोषणाही वर्षानुवर्षं तीच: ‘मानधन नको, वेतन द्या.’

रस्त्याने जाणाऱ्याला ही पगारवाढीची नेहमीची लढाई वाटते, आणि ती तशी आहेच. पण तिच्या पोटात एक जुना प्रश्न अडकलेला आहे. लहान मुलं सांभाळणं, भरवणं, शिकवणं हा पेशा मानायचा, की बायकांना जन्मजात येणारी गोष्ट म्हणून सोडून द्यायचं? पेशा मानला तर त्याला प्रशिक्षण लागतं, नोंदणी लागते, आणि तो करणाऱ्यांची स्वतःची संघटना लागते. वकिलांची बार कौन्सिल असते, डॉक्टरांची मेडिकल असोसिएशन असते. मुलांची काळजी घेणाऱ्यांचं काय?

काही देशांत त्यांचीही संघटना आहे. दक्षिण आफ्रिकेत १९७५ साली बालसंगोपन कर्मचाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. मुलांच्या निवासी संस्थांत काम करणारी माणसं तिच्याभोवती जमली. प्रशिक्षण, परिषदा, कामाची आचारसंहिता असा तिचा पसारा वाढत गेला, आणि यथावकाश तिथे हे काम कायद्याने नोंदणी करावा लागणारा पेशा ठरलं. त्याच १९७५ साली, गांधी जयंतीच्या दिवशी, भारताने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. पुढे ती या प्रकारच्या जगातल्या सर्वांत मोठ्या योजनांपैकी एक झाली आणि लाखो बायका तिच्यात कामाला लागल्या. त्यांचा पेशा मात्र उभा राहिला नाही. त्याच्या रिकाम्या जागी कामगार संघटना आली, आणि पेशाची कामंही अधूनमधून तिलाच करावी लागली.

या गोष्टीतले दोन धागे एकाच वर्षी सुरू होतात. १९२६ साली भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. त्याच वर्षी देशात ट्रेड युनियनचा कायदा झाला आणि कामगारांना आपली संघटना रीतसर नोंदवण्याची सोय झाली. पहिला धागा मुलांना कसं वाढवावं याचा, दुसरा राबणाऱ्याच्या हक्काचा. बालसंगोपनाच्या क्षेत्रात हे दोन्ही कितीतरी वर्षं एकमेकांना भेटलेच नाहीत.

ताराबाई १८९२ साली मुंबईत जन्मल्या. राजकोटच्या महिला ट्रेनिंग कॉलेजातलं प्राचार्यपद सोडून त्या गिजुभाईंच्या बालमंदिरात गेल्या तेव्हा लोकांना ते खुळच वाटलं असणार. प्राचार्यपदावरून थेट अडीच-तीन वर्षांच्या पोरांत! पण मॉन्टेसोरीच्या पद्धतीला देशी रूप देण्याचं काम त्या दोघांनी तिथे केलं. पुढे महाराष्ट्रात आल्यावर ताराबाईंनी मराठी ‘शिक्षणपत्रिका’ चालवली, १९३६ साली दादरला शिशुविहार काढलं आणि बालशिक्षिकांसाठी प्रशिक्षणाचे वर्ग उभे केले. पेशाच्या संघटनेला लागणारं जवळजवळ सगळं साहित्य इथे होतं: नियतकालिक, अभ्यासक्रम, संमेलनं, आणि एकमेकींचं काम पाहून शिकण्याची सवय.

मग १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. मोरगावला जन्मलेल्या अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या. नंतर शिकून त्या पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या होत्या. बोर्डीत अडचण अशी आली की बालवाडी उघडली तरी गावाच्या टोकाला राहणाऱ्या गरीब वस्तीतली मुलं यायचीच नाहीत. कोणाला धाकटं भावंड राखायचं, कोणाला अंगभर कपडा नाही, कोणाच्या आईला पोरगं एवढ्या लांब धाडायची भीती. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. आधी मुलांना आंघोळ, मग गाणी, खेळ, थोडा खाऊ. अंगणातली वाडी म्हणून अंगणवाडी. १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र करणारी विकासवाडी उभी राहिली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरं जिथे चरतात तिथेच शिकवणं.

या परंपरेत शिक्षिकेच्या पगाराचा प्रश्न कुठे येतो? जवळजवळ येतच नाही. तो काळ त्यागाचा होता, आणि त्याग करणाऱ्याने हिशेब विचारणं शिष्टसंमत नव्हतं. ताराबाई आणि अनुताईंची थोरवी वादातीत आहे. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. पण असामान्य बायकांनी घालून दिलेला त्यागाचा दाखला पुढे लाखो सामान्य बायकांच्या गळ्यात मारला गेला, हेही तितकंच खरं. सरकारने कोसबाडचं नाव घेतलं, कल्पना घेतली. शिक्षिकेच्या महिनोन्महिन्यांच्या तयारीवरचा कोसबाडचा भर मात्र तिथेच राहिला.

खानदेशाला हा त्याग चांगला ओळखीचा. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ साली एक तरुण शिक्षक रुजू झाला आणि त्याच्याकडे छात्रालयाची जबाबदारी आली. मुलांचे कपडे धुणं, अंथरुणं आवरणं, आजाऱ्याजवळ रात्र काढणं ही कामं त्याने स्वतः केली. मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक रोज लिहून लावलं. हे साने गुरुजी. आजच्या परिभाषेत त्यांना निवासी बालसंगोपन कर्मचारी म्हणावं लागेल, आणि या पेशाचा इतिहास कधी लिहिला गेला तर त्यातलं खानदेशचं पहिलं प्रकरण अमळनेरच्या छात्रालयावर निघेल. १९३० साली त्यांनी शाळा सोडली आणि स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली. पुढच्या दशकात हेच गुरुजी पूर्व खानदेशातल्या शेतकऱ्यांच्या आणि गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिलेले दिसतात. म्हणजे मायेचा धागा आणि हक्काचा धागा एका माणसात एकत्र आले होते. पण गंमत अशी, की मराठी वाचकाने त्यातली माया तेवढी लक्षात ठेवली. गुरुजी म्हटलं की आई आठवते, मिल कामगार आठवत नाही.

दुसरा धागा खानदेशात खोल रुजला तो सातपुड्याच्या पायथ्याशी. शहादा-तळोदा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते; नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना स्थापन झाली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे भिल्ल कार्यकर्ते आणि बाहेरून आलेले तरुण यांनी हडपलेल्या जमिनींचा आणि सालदारांच्या मजुरीचा प्रश्न हाती घेतला. बायकांची शिबिरं भरली, दारूच्या भट्ट्या फोडायला बायका पुढे झाल्या. अंगणवाडीशी याचा थेट संबंध नाही. पण तीन वर्षांनी योजना आली आणि मागोमाग तिची केंद्रं या मुलखात उघडत गेली, तेव्हा चार बायकांनी एकत्र येऊन साहेबाच्या दारात जाणं इथे अगदीच अपूर्व राहिलं नव्हतं.

१९७५ साली देशात ३३ प्रायोगिक प्रकल्पांपासून सुरुवात झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला मेळघाटातलं धारणी आणि मुंबईतली धारावी आली. सहा सेवा ठरल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणं, आहार-आरोग्याचं शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शाळापूर्व शिक्षण. यातल्या बहुतेक सेवा शेवटी एकाच बाईच्या हातून गावापर्यंत पोचायच्या होत्या. ती त्याच गावची हवी, अर्धवेळ काम करणारी हवी, आणि तिला पगार नव्हे, मानधन मिळेल, असं ठरलं. मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना १५० रुपये, न झालेलीला १००, मदतनिसाला ३५.

हा नुसता काटकसरीचा हिशेब नव्हता. गावातली बाई समाजसेवा म्हणून दिवसातले चार तास देईल, आणि गावही त्यात उतरेल, अशी त्यामागची कल्पना होती. कल्पना वाईट नव्हती. फक्त ती ज्या बाईकडे पाहून केली होती, तशी बाई प्रत्यक्षात आली नाही. कामाला आल्या त्या बऱ्याच जणी विधवा, नवऱ्याने टाकलेल्या, भूमिहीन घरातल्या. निदान ज्यांच्या घरी तो पैसा चुलीपर्यंत जाणार होता अशा. समाजसेवेची हौस म्हणून अर्ज करणाऱ्या थोड्याच.

आणि चार तासांचं कामही चार तासांत कधी मावलं नाही. चोपडा, यावल, रावेर किंवा शिरपूर तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या अंगावर पावरा, भिल्ल, तडवी पाडे आहेत. तिथलं मूल अंगणवाडीत पावरी किंवा भिल्ली बोलत येतं, खाली तापीकाठच्या गावात अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली. ‘तुले भूक लागनी का?’ असं विचारणारी बाई समोर असते म्हणून ते मूल पहिल्या दिवशी पळून जात नाही. पुस्तकी मराठी त्याला सावकाश, गाण्यांतून कानावर पडते. घरची बोली आणि शाळेची भाषा यांच्यामधला पूल ती बांधते, आणि हे काम तिच्या कुठल्याच रजिस्टरात लिहिलेलं नसतं.

रजिस्टरात लिहायचं वेगळंच असतं. दर महिन्याला वजन, उंची. काट्याला झोळी अडकवून मूल त्यात ठेवायचं, ते रडून गाव गोळा करणार, आणि काटा स्थिर होईपर्यंत थांबायचं. दंडाला पट्टी लावायची: घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर मूल तीव्र कुपोषित, म्हणजे ‘सॅम’; साडेअकरा ते साडेबारा असेल तर मध्यम कुपोषित, म्हणजे ‘मॅम’. सॅम मूल निघालं की गावातच बाल विकास केंद्र सुरू करायचं, त्याला दिवसातून अनेक वेळा थोडं थोडं खाऊ घालायचं आणि आईला समजवायचं. ती आई दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणार, मूल बरोबर जाणार, आणि सहा महिन्यांनी परत आलं की पुन्हा पहिल्यापासून. याशिवाय गरोदर बाईची नोंद, घरी न्यायच्या शिध्याचं वाटप, पोलिओचा डोस, मतदार यादी, वेगवेगळी सर्वेक्षणं. करोनाच्या साथीत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत सेविका दारोदार हिंडल्या. २०२४ साली ‘लाडकी बहीण’चे अर्ज भरून घ्यायलाही त्याच बसल्या, अर्जामागे ५० रुपये प्रोत्साहन ठरवून.

एका अंगणवाडीमागे साधारण ४०० ते ८०० लोकवस्ती धरलेली असते. त्याहून लहान पाड्यांसाठी मिनी अंगणवाडी निघाली. तिथे मदतनीसही नसायची. शिकवणारी, शिजवणारी, भांडी घासणारी आणि अहवाल लिहिणारी एकटीच.

अशा बायका एकत्र येणं अवघड असतं. कारखान्यात हजार कामगार एका भोंग्यावर आत जातात. इथे गावात दोघीच, आणि शेजारच्या गावातल्या दोघी पाच कोसांवर. त्यांची भेट व्हायची ती तालुक्याला, मासिक सभेत, अहवाल द्यायला आल्या की. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी संघटनांचं खरं जन्मस्थान ही मासिक सभा आहे. प्रकल्प कार्यालयाच्या व्हरांड्यात, पर्यवेक्षिका येईपर्यंतच्या तासाभरात, तीन महिने मानधन का आलं नाही यावर बोलणं सुरू व्हायचं. त्यातूनच वर्गणीची पावती फाटायची.

संघटना एक झाली नाही, अनेक झाल्या. आयटकची एक, सिटूची एक, समाजवाद्यांची एक, शिवाय कोणत्याही मध्यवर्ती कामगार संघटनेला न जोडलेला अंगणवाडी कर्मचारी संघ. खानदेशात एकाच तालुक्यात शेजारच्या दोन गावांतल्या सेविका दोन वेगळ्या झेंड्यांच्या असू शकतात. बाहेरच्याला हे फुटीर वाटतं. पण संपाची वेळ आली की या साऱ्यांची राज्यपातळीवर कृती समिती होते आणि नोटीस एकच निघते. एम. ए. पाटील, शुभा शमीम, कमल परुळेकर, दिलीप उटाणे अशी निरनिराळ्या विचारांची नेतेमंडळी एका पत्रकावर सह्या करत आली आहेत. डाव्या-समाजवादी राजकारणात हे फार ठिकाणी जमलेलं नाही.

मुंबईच्या आझाद मैदानावर जायचं म्हणजे जळगाव-भुसावळच्या बायकांना निदान थेट गाडी आहे. धुळ्याची रेल्वे ही चाळीसगावहून आलेली एक फांदी. वर्षानुवर्षं रेल्वेने मुंबईला जायचं ते चाळीसगावमार्गेच. एका रात्रीचा प्रवास, दिवसभर ऊन, पुन्हा रात्रीचा प्रवास, आणि तिकिटाचा खर्च स्वतःचा. ज्यांना महिन्याला काही शेकडे रुपये मिळत त्यांनी हे केलं आहे. कारण मानधन वाढायचं ते फार सावकाश. केंद्राचा आकडा मॅट्रिक सेविकेसाठी १९८६ साली २७५ रुपये झाला, १९९२ साली ४००, १९९७ साली ५००, २००२ साली १,०००, २००८ साली १,५०० आणि २०११ साली ३,०००. राज्य त्यात आपली भर घालतं. दिवाळीला बोनस नसतो, ‘भाऊबीज भेट’ असते.

न्यायालयात या बायकांचं काय झालं, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळा प्रश्न तिथेच उघडा पडतो. २००६ साली कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अंगणवाडी सेविकेचं पद हे नागरी सेवेतलं पद नव्हे. ती एका योजनेखाली काम करते, शासनाचं कार्य करत नाही, आणि म्हणून सरकारी नोकराचे हक्क तिला नाहीत. वास्तविक त्याच काळात, २००१ पासून, सर्वोच्च न्यायालयातच अन्न हक्काचा खटला चालू होता आणि न्यायालय सरकारला बजावत होतं की प्रत्येक वस्तीत अंगणवाडी हवी, एकही मूल वगळता कामा नये. म्हणजे अंगणवाडी हा मुलाचा हक्क, पण ती चालवणारी बाई कोणाचीच नोकर नाही!

२०१३ साली दोन गोष्टी घडल्या. भारतीय श्रम परिषदेच्या पंचेचाळिसाव्या अधिवेशनात सरकार, मालक आणि कामगार या तिन्ही बाजूंनी मिळून शिफारस केली की योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या, सामाजिक सुरक्षा द्या. शिफारस कागदावरच राहिली. दुसरी गोष्ट जास्त टिकाऊ ठरली: त्याच वर्षी राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला आणि अंगणवाडीतला आहार हा कायदेशीर हक्क बनला. त्या आधारावर २५ एप्रिल २०२२ रोजी न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने मणिबेन भारिया यांच्या प्रकरणात निकाल दिला. गुजरातच्या दाहोद या भिल्लबहुल जिल्ह्यातून वर गेलेला हा खटला होता. न्यायालयाने म्हटलं की अंगणवाड्या आता कायद्याने नेमून दिलेलं काम करतात, सेविकेचं काम अर्धवेळ म्हणता येणार नाही, आणि तिला मिळणारं मानधन हे ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरतं वेतनच आहे. सतरंजीवर बसून दिलेली घोषणा निकालपत्रात आली, निदान एका कायद्यापुरती.

यामधल्या वर्षांत महाराष्ट्रात मोठे संप झाले. ११ सप्टेंबर २०१७ पासून राज्यभरच्या अंगणवाड्यांना कुलूप लागलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तडजोड झाली तेव्हा सेविकेचं मानधन ५,००० वरून ६,५०० आणि मदतनिसाचं २,५०० वरून ३,५०० झालं. सरकारला या संपाचा धसका बसला असावा, कारण मार्च २०१८ मध्ये अंगणवाडी कर्मचाऱ्यांना ‘मेस्मा’ लावला गेला. मेस्मा हा अत्यावश्यक सेवांचा कायदा. विधिमंडळात गदारोळ झाला आणि मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली. या प्रसंगातली विसंगती संघटनांनी अचूक पकडली. संप करायचा म्हटलं की सेवा अत्यावश्यक, आणि वेतन मागितलं की ती स्वयंसेवा?

२० फेब्रुवारी २०२३ ला पुन्हा संप. त्या वर्षीच्या राज्याच्या अर्थसंकल्पात सेविकेला १०,०००, मिनी सेविकेला ७,२०० आणि मदतनिसाला ५,५०० रुपये जाहीर झाले. त्याच वर्षी ४ डिसेंबरला सुरू झालेला संप मात्र जानेवारी उजाडला तरी मिटेना. दीड महिन्याहून जास्त काळ चाललेल्या त्या संपात केंद्रं उघडण्यासाठी नोटिसा निघाल्या, कामावरून कमी करण्याची भाषा झाली. २०२४ च्या ऑक्टोबरात, निवडणुकीच्या तोंडावर, सेविकेच्या मानधनात ३,००० रुपयांची वाढ झाली आणि वर प्रोत्साहन भत्ता आला.

आकडे वाढत गेले. पण फक्त आकड्यांकडे पाहिलं तर या संघटनांनी केलेलं दुसरं काम नजरेतून सुटतं. ऑगस्ट २०२१ मधलं ‘मोबाइल वापसी’ आंदोलन त्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. सरकारने दिलेले फोन तोकड्या क्षमतेचे होते, तापायचे, बंद पडायचे, आणि दुरुस्तीचा भुर्दंड सेविकेला. त्यावर केंद्राचं ‘पोषण ट्रॅकर’ ॲप आलं, तेही इंग्रजीत. दहावी झालेल्या पन्नाशीच्या बाईने बाळाचं नाव आणि वजन इंग्रजीत भरावं अशी अपेक्षा होती. सेविकांनी फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. मागणी होती चांगल्या फोनची आणि मराठी ॲपची. ही पगाराची मागणी नाही. हातातलं अवजार कामाच्या लायकीचं हवं, नोंद आपल्याला कळेल अशा भाषेत हवी, असं म्हणणारा माणूस कारागीर असतो, पेशेवाला असतो.

संपाच्या मागण्यांच्या यादीतही असंच एक कलम वारंवार येत गेलं. अंगणवाडीतल्या मुलाच्या आहाराचा दर दिवसाला ८ रुपये आहे, तो १६ करा, आणि अतिकुपोषित मुलासाठी २४ करा. यातला एक रुपयाही सेविकेच्या खिशात जाणारा नाही. मात्र ८ रुपयांत काय शिजतं हे तिच्याइतकं मंत्रालयात कोणाला ठाऊक असणार? आहारतज्ज्ञांच्या एखाद्या मंडळाने ही मागणी केली असती तर ती अहवालात छापून आली असती. सेविकांनी केली, म्हणून वर्तमानपत्रात ‘विविध मागण्यांसाठी धरणे’ या मथळ्याखाली गेली.

या साऱ्यात एक गट मात्र जवळजवळ बिनआवाजाचा राहिला आहे. जळगाव आणि धुळे दोन्ही ठिकाणी निरीक्षणगृहं, बालगृहं आहेत. मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांचा कायदा झाला तेव्हापासून या व्यवस्थेची पाळंमुळं शोधता येतात. घरातून पळालेली, रेल्वेत सापडलेली, कायद्याशी गाठ पडलेली मुलं तिथे येतात, आणि भुसावळसारखं जंक्शन जवळ असलेल्या मुलखात ती कमी नसतात. त्यांच्याजवळ रात्री झोपणारा काळजीवाहक, त्यांच्याशी बोलणारा समुपदेशक, १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकाचा फोन उचलून धावणारा कार्यकर्ता यांतले बरेचसे कंत्राटावर किंवा संस्थेच्या तुटपुंज्या पगारावर काम करतात. संख्या थोडी, जागा विखुरलेल्या. दक्षिण आफ्रिकेत ज्या माणसांपासून संघटना सुरू झाली, तीच माणसं इथे सर्वांत एकटी पडली आहेत. छात्रालयात मुलांचे कपडे धुणाऱ्या त्या शिक्षकाच्या जिल्ह्यात हे जास्तच खटकतं.

बालशिक्षणाचा पहिला धागाही तुटलेला नाही. अनुताई आणि रमेश पानसे यांनी १९८२ साली काढलेली ग्राममंगल, बालशिक्षण परिषदेची अधिवेशनं, शिक्षिकांची शिबिरं यांतून कोसबाडचा विचार चालत राहिला. राज्याने अंगणवाड्यांसाठी ‘आकार’ नावाचा अभ्यासक्रम आणला. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वर्षांचा टप्पा शिक्षणात धरला आणि २०२३ साली केंद्राने ‘पोषण भी पढाई भी’ म्हणत सेविकांना शिक्षिका बनवायचं ठरवलं. त्याच वर्षी महाराष्ट्रात नव्या सेविकेसाठी बारावी उत्तीर्ण ही अट आली. पण अभ्यासक्रमावर बोलणारे एका सभागृहात आणि मानधनावर बोलणारे दुसऱ्या मैदानात, ही १९२६ पासूनची फाळणी अजून चालूच आहे. बालशिक्षणाच्या व्यासपीठावर सेविकेच्या ग्रॅच्युइटीचा ठराव क्वचितच होतो, आणि संपाच्या मंडपात मुलांच्या गाण्यांवर क्वचितच चर्चा होते.

महाराष्ट्रात आज सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. त्यांत आता दोन पिढ्या शेजारी शेजारी काम करतात. जुन्या पिढीतली सेविका काही शेकड्यांच्या जमान्यात लागलेली, साठ-पासष्टीला निवृत्त होणारी. हातात एकरकमी लाख रुपये, तेही मिळेपर्यंत कार्यालयाचे हेलपाटे, पेन्शन नाही. नवी पिढी बारावी झालेली, काहीजणी पदवीधर, डी.एड. झालेल्या. फोनवर सराईत. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा शिधा देताना लाभार्थीचा चेहरा ॲपमध्ये ओळखला गेलाच पाहिजे असा नियम झाला. सातपुड्यातल्या ज्या पाड्यावर रेंज नाही तिथे बाळ कडेवर घेतलेल्या आईला सिग्नलच्या शोधात टेकडीवर न्यायचं की शिधा नाकारायचा, हा निर्णय मात्र दोन्ही पिढ्यांना सारखाच घ्यावा लागतो. मासिक सभेच्या व्हरांड्यात आता त्यावर बोलणं सुरू झालं आहे, आणि निवेदनांच्या मसुद्यात वेतनश्रेणी, ग्रॅच्युइटी, पेन्शन यांच्या खाली चेहरा ओळखण्याचं कलमही आलं आहे.